दाढ ठणकतेय आणि दवाखाने बंद: लॉकडाऊनमधली दातांची काळजी

शेवंती | १२ एप्रिल २०२०, रात्री ११:४०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. प्रश्न घाईचा आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आई (वय ६७, मधुमेहाला चौदा वर्षं झाली) निफाडजवळच्या आमच्या गावी माझ्याजवळ आहे. चार दिवसांपासून तिची उजवीकडची खालची दाढ ठणकतेय. त्या दाढेत दोन वर्षांपूर्वी सिमेंट भरलं होतं, ते होळीच्या सुमारास निघालं. मार्चअखेरीला नाशिकला जाऊन रूट कॅनॉल करून घेऊ असं ठरलं होतं. तेवढ्यात जनता कर्फ्यू आला आणि मग सगळंच बंद. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागतो, पण ते म्हणतात सध्या मशीन लावता येत नाही, गोळ्यांवर काढा.

दिवसा आई सहन करते. रात्री आडवी झाली की ठणका वाढतो, मग उठून बसते. काल रात्री दोनला स्वयंपाकघरातून वास आला म्हणून गेले, तर आई तव्यावर तंबाखू भाजत होती. आठ वर्षांपूर्वी बाबांच्या आजारपणात तिनं मिश्री सोडली होती. पानं काळी होईपर्यंत भाजली, वाटीच्या बुडाने तव्यातच चुरली आणि बोटाने त्या दाढेत भरली. मला पाहून म्हणाली, "तू झोप जा. एवढ्यानं बधिर होतं." तिचा हात थरथरत होता. मला एक शब्द बोलता आला नाही.

आज सकाळपासून गाल सुजल्यासारखा वाटतोय. घरात गेल्या वर्षीच्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्यात, त्या देऊ का? आणि थांबायचं तर किती दिवस थांबणं बरोबर आहे? कुणी दंतवैद्य असतील तर कृपया लिहा.

---

पानकळा | १३ एप्रिल २०२०, सकाळी ६:५५

शेवंतीताई, मी दंतवैद्य आहे. आधी मला एवढं सांगा: सूज गालावर आहे की जबड्याच्या हाडाखाली, गळ्याच्या बाजूला उतरलीय? तिथे बोटाने दाबलं तर मऊ लागतं की लाकडासारखं घट्ट? तोंड उघडल्यावर तीन बोटं उभी मावतात का? पाणी गिळताना त्रास होतो का, आवाज बदललाय का, ताप आहे का? आणि आज उपाशीपोटी साखर किती आहे?

उत्तर येईपर्यंत बाकीचं लिहून ठेवतो, इतरांनाही उपयोगी पडेल.

उरलेल्या गोळ्या देऊ नका. दाढेच्या आतली नस सुजून ठणका लागतो तेव्हा अँटिबायोटिकने तो थांबत नाही. ते लागतं जंतुसंसर्ग दाढेबाहेर पसरला की, आणि तेव्हाही कोणतं, किती दिवस, हे ठरवूनच द्यायचं असतं. सहा गोळ्यांत काही साधत नाही.

रात्री त्रास का वाढतो? नस हाडासारख्या कठीण पोकळीत बंद असते, सुजली तरी तिला पसरायला जागा नसते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. दोन उशा देऊन अर्धवट बसतं झोपवा. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा हलक्या चुळा भरायच्या. लवंगेचं तेल कापसाच्या अगदी लहान बोळ्यावर एक थेंब, तोही किडलेल्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर पोळतं. पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेन मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. दाढेत ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारे मी बरेच पाहिलेत, तिथली कातडी पांढरी पडून निघून येते. आणि गालाला बाहेरून शेक देऊ नका.

मिश्रीबद्दल आईंवर रागावू नका. निकोटीनमुळे घटकाभर बरं वाटतं हे खरं आहे, म्हणून तर ती सवय सुटत नाही. पण तीच मिश्री हिरडीचा रक्तपुरवठा कमी करते आणि आधीच मधुमेहाने मंद झालेली जखम आणखी उशिरा भरते.

दवाखाने बंद का, हेही सांगतो, कारण लोक आमच्यावर चिडलेत. दात कोरायचं एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं आणि तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा सतत चालू असतो. त्या फवाऱ्यात रुग्णाची लाळ मिसळते, खोलीभर तुषार उडतात आणि बारीक कण बराच वेळ हवेत राहतात. दात साफ करायच्या स्केलरचंही तसंच. आम्ही तोंडापासून वीतभर अंतरावर वाकलेले असतो. माझ्यानंतर त्याच खुर्चीत पुढचा माणूस बसणार असतो. म्हणून सध्या फक्त तातडीचं काम, आणि शक्यतो एअरोटर न लावता.

---

शेवंती | १३ एप्रिल २०२०, सकाळी ८:२०

साखर २८६. सूज जबड्याच्या खाली आहे, काल नव्हती. घट्ट लागतेय. दोन बोटं कशीबशी मावतात. ताप ९९.८. गिळताना दुखतं म्हणून चहासुद्धा अर्धाच घेतला.

---

पानकळा | १३ एप्रिल २०२०, सकाळी ८:२६

ताई, आता थांबायचं नाही. आजच, दुपारच्या आत. जबड्याखालची सूज दोन्ही बाजूंना पसरली, जीभ वर उचलली गेली, तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. साखर एवढी असताना ते फार वेगाने होतं. तुमच्या डॉक्टरांना फोन करून नेमके हेच शब्द सांगा: "जबड्याखाली सूज, दोन बोटं, गिळताना त्रास, साखर २८६." तातडीचं काम करायला मनाई नाही. त्यांच्याकडून चिठ्ठीचा फोटो मागवा, नाक्यावर दाखवायला लागेल. ते नाही म्हणाले तर जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, तिकडे निघा. मधुमेहाच्या औषधांची फाइल बरोबर घ्या.

---

शेवंती | १४ एप्रिल २०२०, सायंकाळी ५:१५

काल सगळे विचारत होतात, पण लिहायला बसता आलं नाही. आई घरी आहे, बरी आहे.

डॉक्टरांनी ते शब्द ऐकले आणि लगेच "घेऊन या" म्हणाले. चिठ्ठी मोबाइलवर आली. वाटेत दोन ठिकाणी पोलिसांनी थांबवलं. दुसऱ्या नाक्यावरच्या हवालदारांनी चिठ्ठी नीट वाचलीही नाही, आईचा गाल बघितला आणि बॅरिकेड बाजूला केलं. रस्ता इतका रिकामा मी आयुष्यात पाहिला नव्हता. द्राक्षांनी भरलेले क्रेट बांधावर तसेच पडून होते.

दवाखान्यात पंखा, एसी बंद, सगळ्या खिडक्या उघड्या. डॉक्टर आणि त्यांच्या बाई रेनकोटसारख्या पांढऱ्या पोशाखात, तोंडावर प्लास्टिकची ढाल. आधी आईला तांबड्या औषधाची चूळ भरायला दिली. पू काढला, दाढ काढली. एअरोटर लावलं नाही, नुसत्या चिमट्याने. डॉक्टर घामाने निथळत होते. निघताना म्हणाले, "फेब्रुवारीत आला असतात तर ही दाढ वाचवली असती."

फेब्रुवारीत आई म्हणाली होती, थंड लागल्यावर सळक जाते. मीच म्हटलं होतं, द्राक्षांचा हंगाम उरकू दे. हे मला लिहायचं होतं, म्हणून लिहिलं.

आईने ती दाढ कागदात बांधून मागून घेतली. अंगणात तुळशीपाशी पुरली.

पानकळा, तुमचे आभार कसे मानू? सकाळी सात वाजता तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या सहा गोळ्या दिल्या असत्या.

---

दूरवर | १५ एप्रिल २०२०, पहाटे ३:०५

वाचून अंगावर काटा आला. आईंना आराम पडो.

मी लेस्टरला असतो. इंग्लंडमध्येही २५ मार्चपासून दातांचे नेहमीचे दवाखाने बंद आहेत. फोनवर सल्ला, वेदनाशामक, आणि अगदीच गंभीर असेल तर तातडीच्या केंद्राकडे पाठवणी. माझी पुढच्या दाताची कॅप निघून आलीय. ती धुऊन डबीत ठेवलीय. औषधाच्या दुकानात तात्पुरतं सिमेंट मिळतं, ते लावून बसवली तर दोन दिवसांनी पुन्हा निघाली. कामाच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतो. दुखत नाही, तेव्हा मी रांगेत शेवटी आहे आणि ते बरोबरच आहे.

---

उंबरगाव | १५ एप्रिल २०२०, सकाळी १०:३०

मिश्रीवरून राहवलं नाही. माझी आजी, दोन्ही काकू, मावशी, सगळ्या मिश्री लावतात. आमच्याकडे तिला व्यसन असं कुणी म्हणतच नाही, "दात घासणं" म्हणतात. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी शेजारणी जमल्या की ओट्यावर बसून एकदा. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. घरच्या तव्यावर भाजली जाणारी मिश्री त्या बंदीला दिसतच नाही.

लॉकडाऊनमध्ये तंबाखू मिळेना तेव्हा मोठ्या काकूंचे चार दिवस फार वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडचिड, शौचाला होईना. पाचव्या दिवशी म्हणाल्या, आता नाहीच मिळत तर बघू. तीन आठवडे झालेत. कुणी सोडायचा प्रयत्न करत असेल तर त्यांना बडीशेप आणि लवंग जवळ ठेवायला द्या, आणि बोट फिरवायची सवय असते म्हणून ब्रश लगेच जमत नाही. काकू बोटावर पेस्ट घेऊन घासतात सध्या. कुणी हसू नये.

---

पानकळा | १५ एप्रिल २०२०, रात्री ९:४५

उंबरगाव, काकूंना माझा नमस्कार सांगा. बोटावर पेस्ट हा अतिशय चांगला पहिला टप्पा आहे. नंतर मऊ दातांचा ब्रश द्या. आणि एकदा उजेडात त्यांच्या ओठाच्या आत, गालाच्या आत आणि जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेला व्रण किंवा गाठ दिसली तर लॉकडाऊन असो नसो, दाखवायचंच. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तो मागे पडतो.

---

पानकळा | २४ मे २०२०, दुपारी १:१०

आरोग्य मंत्रालयाने दंतचिकित्सेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. प्रतिबंधित क्षेत्रातले दवाखाने बंदच राहतील, फोनवर सल्ला मिळेल. रेड झोनमध्ये फक्त आपत्कालीन उपचार. ऑरेंज आणि ग्रीनमध्ये दवाखाने उघडतील, पण काम तातडीचंच. जाण्याआधी फोन करा, एकट्याने जा, लहान मुलाबरोबर एकच जण. ताप-खोकला असेल तर लपवू नका.

---

दूरवर | ११ जून २०२०, रात्री ११:२०

इथे ८ जूनपासून दवाखाने उघडायला परवानगी मिळाली. माझा नंबर ऑगस्टमध्ये आहे. डबी जपून ठेवलीय.

---

सांजवात | ६ सप्टेंबर २०२०, सकाळी ११:००

धागा वर काढतेय. दोन प्रश्न. दिवसभर मास्क लावून तोंडाला वास येतो आणि सकाळी जबडा आखडलेला असतो, हे आणखी कुणाला होतंय का? आणि आमच्या सोसायटीत सगळे बेटाडिनच्या गुळण्या करताहेत, त्याने कोरोना होत नाही म्हणे. खरं आहे का?

---

पानकळा | ६ सप्टेंबर २०२०, रात्री १०:१५

गुळण्यांनी कोरोना टळत नाही. आम्ही उपचारांआधी चूळ भरायला देतो ती तेवढ्या वेळापुरती लाळेतले जंतू कमी व्हावेत म्हणून. रोज महिनोन्महिने बेटाडिन वापरू नका, थायरॉइड असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉशही पंधरा दिवसांपलीकडे चाललं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. यंदा चव गेली म्हटलं की घर घाबरतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

वास मास्कमुळे तयार होत नाही. मास्कमध्ये आपण तोंडाने श्वास घेतो, पाणी पिणं टाळतो, लाळ कमी होते. लाळ हेच तोंडाचं रोजचं धुणं आहे. पाणी प्या, रात्री घासल्यावर काही खाऊ नका, जिभेवरून ब्रश फिरवा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. थुंकून टाकल्यावर भसाभसा चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. घरात कुणी बाधित असेल तर त्याचा ब्रश, पेस्टची ट्यूब, ग्लास वेगळा. सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात एकमेकांना टेकून ठेवायची आपली पद्धत बदला.

जबडा आखडतो म्हणजे रात्री दात खाताय. या काही महिन्यांत तडकलेल्या दाढा घेऊन येणारे खूप वाढलेत. शिक्षक, बँकवाले, पगार कापलेली तरुण मुलं. रात्री घालायची प्लेट बनवून मिळते, तोवर दिवसा स्वतःकडे लक्ष ठेवा: ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटलेले.

---

रानजाई | ८ सप्टेंबर २०२०, रात्री २:४०

ड्युटीवरून आत्ता आले. मी कोविड वॉर्डात परिचारिका आहे. एकच गोष्ट लिहायचीय, कवळीची.

आजी-आजोबांना ॲम्ब्युलन्समध्ये बसवताना घरचे कवळी काढून ठेवतात, किंवा ती तोंडात तशीच येते आणि ऑक्सिजनचा मास्क लावताना घाईत काढून टिश्यूत गुंडाळली जाते. तो टिश्यू कचऱ्यात जातो. गेल्या महिन्यात एक आजोबा बारा दिवस आमच्याकडे होते. दहाव्या दिवशी ऑक्सिजन उतरला, डबा यायला लागला, पण पोळी चावता येईना. भात-वरण घेता येईल, पण ते म्हणत, "बाई, मला बोलायलाच लाज वाटते." व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलताना हात तोंडापुढे धरायचे. कवळी शेवटपर्यंत सापडली नाही. चूक कुणाची म्हणू, आम्ही दोघी तीस खाटा बघत होतो. पण मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून सांगते: झाकणाची डबी द्या, डबीवर आणि झाकणावर दोन्हीकडे चिकटपट्टीवर नाव लिहा. डबीत साधं पाणी, गरम नाही, गरम पाण्याने कवळीचा आकार बदलतो. भरती करताना नर्सला तोंडी सांगा, "कवळी आहे." जेवताना लावायची, झोपताना काढायची.

घरी ऑक्सिजनवर माणूस असेल तर दर दोन-तीन तासांनी ओल्या गॉजने ओठ, हिरड्या, टाळू हलकेच पुसा. सततच्या कोरड्या हवेने जीभ लाकडासारखी होते. ओठांना व्हॅसलिन लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको. औषध दुकानात पाण्यात विरघळणारं जेल मिळतं. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. तोंडातली घाण छातीत उतरली की न्यूमोनियावर न्यूमोनिया होतो.

---

शेवंती | ८ सप्टेंबर २०२०, सकाळी ७:३०

रानजाई, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या आशाताईंना दिलाय. दोन्ही हात जोडून नमस्कार.

---

काजवा | २६ मे २०२१, रात्री ८:५०

हा धागा शोधून वर आणतोय. कृपया सगळ्यांनी वाचा.

माझा धाकटा भाऊ, वय ४४. एप्रिलमध्ये कोविड, नऊ दिवस भरती, स्टेरॉइड दिले. त्याआधी मधुमेह नव्हता, रुग्णालयात साखर ३८० पर्यंत गेली. बरा होऊन घरी आला. अकराव्या दिवशी म्हणाला, वरच्या डाव्या बाजूचे दात जड वाटताहेत. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. दोन दिवसांनी तीन दात एकदम हलायला लागले. गाल बधिर, नाकाची एक बाजू बंद. एका ठिकाणी पायोरिया सांगून गोळ्या दिल्या. माझं मन मानेना, म्हणून दुसऱ्या दंतवैद्यांकडे नेलं. त्यांनी टॉर्च टाकून टाळू बघितली आणि मला जवळ बोलावलं. डाव्या बाजूला रुपयाएवढा करडा-काळपट भाग होता. त्यांनी दाताला हातच लावला नाही, तिथूनच मोठ्या रुग्णालयात फोन केला. त्याच रात्री एमआरआय, दुसऱ्या दिवशी तुकडा तपासला. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी.

वरच्या जबड्याचा डावा अर्धा भाग काढावा लागला. डोळा वाचला. त्या बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी मी सात दिवस वणवण फिरलो, त्याबद्दल आज लिहवत नाही. टाळूला भोक असल्याने पाणी नाकातून येतं, सध्या प्लेट बसवलीय. बोलणं हळूहळू स्पष्ट होतंय.

---

पानकळा | २६ मे २०२१, रात्री ११:३०

काजवा, त्या दंतवैद्यांनी तुमच्या भावाचा डोळा, कदाचित जीव वाचवलाय.

वरच्या दाढांची मुळं सायनसला लागून असतात. ही बुरशी सायनसमध्ये शिरून रक्तवाहिन्या बंद करते, हाड मरतं, म्हणून चांगले, न किडलेले दात एकदम हलतात. पायोरियात दात हलायला वर्षं लागतात. चार दिवसांत हलले तर तो पायोरिया नव्हे. केंद्राने याच महिन्यात राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलंय, इतके रुग्ण येताहेत.

कोविड होऊन गेलेल्यांनी, विशेषतः स्टेरॉइड घेतलेल्या आणि साखर वाढलेल्यांनी, निदान दोन महिने रोज आरशापुढे तोंड उघडून टाळू बघा. मोबाइलच्या उजेडात दिसतं. दात हलणं, हिरडीतून पू, गाल बधिर, एका बाजूचं डोकं दुखणं, नाकातून काळी खपली, एक वस्तू दोन दिसणं: यातलं एकही असेल तर त्याच दिवशी. साखर रोज मोजा.

कतारमध्ये ५६८ कोविड रुग्णांच्या दातांच्या नोंदी तपासल्या, त्यात हिरड्यांचा आजार असलेल्यांत आयसीयू, व्हेंटिलेटर आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हिरड्यांमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मधुमेहाच्या रुग्णाला हिरड्या सांभाळ म्हणण्याला मला आणखी एक कारण मिळालं.

---

शेवंती | १९ डिसेंबर २०२१, सायंकाळी ६:१०

अनेकांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) आईची चौकशी केली, म्हणून इथेच लिहिते.

काजवांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला त्या दिवसापासून ती रोज सकाळी खिडकीपाशी आरसा घेऊन टाळू बघते, कोविड झालेला नसतानाही. मिश्री पुन्हा एकदा, चुलतमामा गेले तेव्हा लावली होती, त्याला सात महिने झाले. तवा मी दिलाय भंगारात.

उजवीकडे आता काढता-घालता येणारी दाढ बसवलीय. पहिले पंधरा दिवस तिने ती पदराच्या गाठीत बांधून फिरवली, आता घालून भाकरी खाते. आज उपाशीपोटी साखर १३२ आली.

काल चहा पिताना डावीकडे सळक गेली म्हणाली. गुरुवारी साडेदहाची वेळ घेतलीय. छाटणी झाली आहे, मणी धरताहेत, बागेत माणसं आहेत, ती बघतील.